अक्कांच्या पुड्या

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही. ज्या मैत्रिणीला माझ्या घरातलं मीठ-मिरचीसकट सगळं ठाऊक आहे, तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. समोर बसला असतात तर मी चहा टाकला असता आणि विषय बदलला असता. विषय बदलण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मी जळगावात एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. माहेर धुळ्याचं, सासर चाळीसगावकडच्या एका खेड्यातलं, पण संसार इथेच. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही. आमच्या वॉर्डात सांधेवाताच्या बायका पुष्कळ येतात. मधूनच एखादे नाना येतात, युरिक ॲसिड वाढून अंगठा असा सुजलेला की चादरीचा स्पर्शही सोसत नाही. ह्या सगळ्यांना घरी सोडताना औषधं समजावून सांगायचं काम माझं. दुखण्याची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. शौचाला काळी झाली तर तडक इकडे यायचं. आठवड्याची गोळी आठवड्यातून एकदाच, रोज घेतलीत तर जिवावर बेतेल. आणि स्टिरॉइड डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यायचं, आपल्या मनानं एकदम बंद तर कधीच करायचं नाही. बाजारातल्या बाबाच्या पुड्या खाल्ल्या असं कोणी कबूल केलं, की मी अशी कडाडायचे की शेजारच्या खोलीतली माणसं डोकवायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण मला बघूनच कोणीतरी केली असावी.

सांधेवातानं अक्कांचे हात आखडले तेव्हा माझी मुलगी नुकती चालायला लागली होती. सकाळी बोटं उघडायचीच नाहीत. कोमट पाण्याच्या पातेल्यात मूठ बुडवून त्या बसून राहायच्या. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीसाठी साऱ्या भावकीत नावाजलेली बाई, ती परातीकडे बघून डोळ्यांना पदर लावायची. मी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे नेलं. हे केलं मी — पण ह्याचं श्रेय मागायला ही जागा नाही. गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला वेळ लागतो, आठवडे लागतात, आणि तेवढा धीर दुखणाऱ्या माणसाकडे नसतो. त्यातच त्या भाच्याच्या लग्नाला गावी गेल्या. परतल्या त्या वेगळ्याच. पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि थेट पीठ मळायला बसल्या. ‘बठ्ठं दुखणं पळी गयं,’ म्हणाल्या, सगळंच्या सगळं. आठवडी बाजारात बसणाऱ्या एका बाबाच्या पुड्या आणल्या होत्या. कागदात बांधलेली पांढरी पूड.

रातोरात सूज उतरवणारी जडीबुटी नसते. पुडीत स्टिरॉइड होतं. मला शंका आली असं म्हणून मी सुटू शकत नाही — मला कळलं होतं.

आणि मला आनंद झाला. होय, आनंदच. पोरीला सांभाळायचं कोणी, म्हणून माझी नोकरी सोडायची बोलणी घरात सुरू झाली होती. आता अक्का डबा करत होत्या, पोरीला न्हाऊ घालत होत्या, तिच्यामागे अंगणभर पळत होत्या. मी वेळेवर ड्युटीला जात होते. पुड्या संपत आल्या की गावाकडून येणारा कोणीतरी आणून द्यायचा, आणि मी त्या फळीवर ठेवलेल्या बघायचे. नुसत्या बघायचे.

हळूहळू अक्कांचा चेहरा गोल झाला. गाल वर आले, कातडी पातळ झाली, दाराची कड लागली तरी दंडावर निळा डाग उठायचा. एका हळदीच्या कार्यक्रमात बायकांनी मला घेरलं. सुनेनं सासूला कसं खाऊपिऊ घातलंय बघा, गाल कसे भरलेत! मी लाजले. तुम्ही विचार करा — तो चेहरा कशाचा असतो हे मला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं, आणि मी ते कौतुक पदरात बांधून घरी आले.

आता तुम्ही म्हणाल, मूग गिळून बसली, एवढंच ना? पुष्कळजणी बसतात. मीही स्वतःची समजूत बरेच दिवस अशीच घालत होते. पण मी मूग गिळले नव्हते. बोलले होते मी.

एका दुपारी अक्का आरशासमोर उभ्या होत्या. गाल दाबून बघत होत्या. मग माझ्याजवळ येऊन बसल्या, हातात पुडी. ‘तू नर्स शे, तुले समजस. ह्या पुड्या लेऊ का नको?’

किती सरळ प्रश्न होता. ‘नको’ एवढंच म्हणायचं होतं. डॉक्टरांकडे चला, हळूहळू कमी करू, आधीच्या गोळ्या परत सुरू करू — हे सगळं मला तोंडपाठ होतं, रोज परक्या बायकांना सांगत होते. पण मला ते पातेलं दिसलं. पोरगी दिसली, राजीनामा दिसला. मी म्हणाले, ‘घ्या की. काही होत नाही. फक्त जेवल्यावर घेत जा.’

जेवल्यावर! पोटाला त्रास नको म्हणून. इतकी मी काळजीवाहू. अक्का निश्चिंत झाल्या. त्यानंतर चार घास पोटात गेल्याशिवाय त्यांनी पुडी तोंडात टाकली नाही.

पुढे तो बाबा बाजारात यायचा बंद झाला. कुठे गेला कोणास ठाऊक. पुड्या संपल्या. अक्कांची बोटं पुन्हा आखडली, त्या मलूल झाल्या, जेवण तुटलं. आणि मी? मला वाटलं, सुटलो एकदाचे. आपोआप बंद झालं, आता पहिल्यापासून नीट औषध करू. स्टिरॉइड बाहेरून मिळतं म्हणून शरीर स्वतःचं तयार करायचं सोडून देतं, एकदम तोडलं तर माणूस कोसळतो, हे मला माहीत नव्हतं का? त्या आठवड्यातही मी कोणालातरी हेच बजावून सांगितलं असेल.

त्या कोसळल्या. मे महिना होता. ओट्यावर उलटी झाली आणि तिथेच पडल्या. शेजारणी कांदा घेऊन धावल्या, ऊन लागलं म्हणाल्या. आम्ही त्यांना माझ्याच हॉस्पिटलला नेलं. नाडी हाताला लागेना. डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू होतं का? मी सांगितलं. न सांगते तर त्या गेल्या असत्या. पण कसं सांगितलं ते ऐका. नवरा शेजारी उभा, माझ्या सहकारी सिस्टर समोर. मी म्हणाले, ‘कसल्यातरी पुड्या घेत होत्या, आम्हाला कोणाला न सांगता. कागद मला आत्ता सापडले.’

इंजेक्शन दिलं, सलाईन लागलं, अक्का वाचल्या. सकाळच्या राउंडला डॉक्टर त्यांना सगळ्यांदेखत बोलले. घरात नर्स असताना चोरून औषधं खाता? सुनेला एका शब्दानं विचारायचं तरी! अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी सलाईनची नळी नीट करत होते, नळीला काहीही झालं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘मनीच चूक शे, डॉक्टरसाहेब. तिले काही माहीत नव्हतं.’

का म्हणाल्या असतील? माझी नोकरी जाईल म्हणून? माझा चेहरा बघून कीव आली म्हणून? मला माहीत नाही. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. त्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत, मणका दबला आहे. पट्टा बांधून, भिंत धरून चालतात. आता औषध योग्य चालू आहे, मीच देते, वेळेवर.

नात्यात ही गोष्ट सगळ्यांच्या तोंडी आहे. सून नर्स असून म्हातारी चोरून पुड्या खायची! प्रत्येक लग्नात कोणीतरी काढतंच, आणि अक्काही त्यांच्यात हसतात, स्वतःच्या येडेपणावर हसल्यासारखं. परवा तर नव्या शेजारणीला त्यांनी स्वतःच सांगितलं. मी तिथेच होते, मुलीची वेणी घालत होते. घालत राहिले.

त्यांनी चोरून काही खाल्लं नव्हतं. मला विचारून खाल्लं होतं.