मामांचा माऊथपीस

भवानी पेठेत शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या बाया पैशाला पासरी मिळतील, मी त्यांतलीच एक. लग्नाच्या बँडचे लाल कोटही मीच शिवते, कारण माझे सासरे त्याच बँडमध्ये. कोणाची छाती किती आणि फुगवल्यावर किती, हे मला पाठ. पण त्यातला एक कोट घालून मी स्वतः वरातीपुढं उभी राहीन, असं कोणी सांगितलं असतं तर त्याला मी कात्री दाखवली असती.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते युफोनियम वाजवायचे. हे वाद्य कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. लोकांना पुढचा ट्रम्पेट दिसतो, ढोल ऐकू येतो. युफोनियम म्हणजे पोटाशी धरायचं मोठं पितळी वाद्य, तोंड आभाळाकडं, आणि आवाज जाड, ऊबदार, शहाण्या माणसानं हळू बोलावं तसा. नातेपुत्याहून लग्न होऊन मी इथं आले तेव्हा मला काहीच गोड लागत नव्हतं. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट, नळाची वाट बघणं, सासूचा चढा आवाज. सकाळी मामा मागच्या अंगणात बसून एकेक सूर लांबवायचे, तेवढा वेळ मला माहेर आठवायचं नाही. हे मी त्यांना कधी बोलले नाही. सून सासऱ्याला असलं काय सांगणार?

मागच्या वर्षी मामांच्या तोंडावरून वारं गेलं. हातपाय धड, पण डावा गाल सैल पडला, चहा ओघळायला लागला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल, पूर्ण येईलच असं नाही. आता फुंकणाऱ्या माणसाचे ओठच गेले तर राहिलं काय? मामा घरातही भिंतीकडं तोंड करून जेवायला लागले.

वाद्य बँडच्या मालकीचं. जो वाजवतो त्याच्या घरी ते राहतं, ही रीत. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, म्हणून बँडमास्तर एक दिवस आले आणि ओशाळत म्हणाले की दुधनीचा एकजण वाजवायला तयार आहे, त्याला वाद्य द्यावं लागेल. मामांनी नुसती मान हलवली. वाद्य गेलं तर मामा उरणार नाहीत, जिवंत राहतील पण उरणार नाहीत, हे मला लख्ख दिसलं. मी बोलून गेले, मी शिकते, मला दिवाळीपर्यंत मुदत द्या. नवरा हसला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या की हिचं तोंड तसंही बंद नसतं, वाजवू दे की. मास्तर भला माणूस. म्हणाले, दिवाळी झाल्यावर रविवारी येऊन ऐकतो, दुधनीवाल्यालाही घेऊन येतो.

वाद्य बँडचं असलं तरी माऊथपीस ज्याचा त्याचा असतो. ओठाला लावायची ती पेल्यासारखी वाटी, खाली बारीक दांडी, ती वाद्यात खोचायची. मामांचा माऊथपीस रुमालात गुंडाळून त्यांच्या खिशात असायचा. कडा झिजून गुळगुळीत झालेला. तो मागायचा विचारही मी केला नाही. आमच्याकडं सून सासऱ्याच्या पेल्याला तोंड लावत नाही, मग आयुष्यभर त्यांनी ओठाला लावलेल्या वस्तूला कशी लावणार? मामाही देत नव्हते, म्हणजे त्यांच्याही मनात उष्ट्याचाच विचार असणार, असं मी धरून चालले.

मग मी बाजारात वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार चाचांनी आधी विचारलं, कोणासाठी? माझ्यासाठी म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि गुमान तीन माऊथपीस काढून ठेवले. पहिल्याची वाटी उथळ. वरचे सूर झटकन निघायचे, पण आवाज पिपाणीसारखा. दुसऱ्याची वाटी इतकी खोल की मी दोन फुंका मारल्या आणि दुकानातलं स्टूल धरून बसले. तिसरा ओठांना बरा वाटला, तो घेतला. घरी येऊन बघते तर आमच्या जुन्या वाद्याचं भोक रुंद आणि ह्याची दांडी बारीक. खोचला की लटलट हलायचा. मी शिवणारी बाई, मला काय सुचणार? मशीनवरचा दोरा घेतला आणि दांडीला घट्ट गुंडाळला. मामांनी ते बघून डोळे मिटून घेतले.

तरी त्यांनी मला शिकवलं. बोलणं अडखळत होतं, म्हणून काठीनं. गाल फुगवले की काठी जमिनीवर, खांदे उचलले की काठी जमिनीवर. पहिले पंधरा दिवस माझ्यातून फक्त म्हैस ओरडत होती. गल्लीतली पोरं वेडावून दाखवायची, त्यांना मी दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा फुंकायला बसले. दिवाळीपर्यंत मुलगी सासरी निघताना वाजवतात ती संथ चाल कशीबशी बसली. दोरा मात्र थुंकीनं भिजून सैल व्हायचा, की सूर घसरलाच. शेवटी मी आत्यांपाशी कुरकुरले, एवढा चांगला माऊथपीस खिशात नुसता पडून आहे, पण उष्ट्याचं काय करायचं?

आत्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "उष्ट्याचं न्हाय गं बाई. त्यो दुसऱ्याला दिला म्हंजी वाजवणं सोडलं, असं असतंय बँडवाल्यांच्यात. ह्ये रोज सकाळी आरशाफुडं बसून फुंकून बघत्यात. मागू नगंस."

मला स्वतःचीच चीड आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दाराच्या फटीतून पाहिलं. मामा आरशासमोर माऊथपीस ओठाला लावून बोटानं डावा गाल वर धरत होते. नुसता वारा निघत होता. पुसून, पुन्हा लावून, पुन्हा. मी मागे झाले. त्या दिवसापासून माऊथपीसचं नाव मी काढलं नाही.

रविवारी मास्तर आणि दुधनीवाला येऊन बसले. मी चाल धरली. सुरुवात बरी झाली आणि मध्येच दोरा सुटला. माऊथपीस हलला, आवाज फाटला. पुन्हा धरली, पुन्हा फाटला. मास्तर खाली फरशीकडं बघायला लागले. दुधनीवाला चांगला माणूस होता बिचारा, तो खिडकीबाहेर बघू लागला. मी तर रडायच्या बेताला आले होते.

मामा उठले. नळाखाली त्यांनी खिशातला माऊथपीस धुतला, धोतराच्या सोग्यानं पुसला. माझा काढून बाजूला ठेवला आणि आपला अर्धा पीळ देऊन बसवला.

मी म्हटलं, "मामा, नगा. तुमचं तोंड अजून बरं व्हणार हाय."

"वाजीव," ते म्हणाले.

मी वाजवलं. पहिल्याच सुराला मला कळलं, तो आवाज माझा नव्हता, अंगणातला होता. चाल संपली तेव्हा दुधनीवाला कानडीत म्हणाला, "छलो अद," म्हणजे छान आहे. मास्तरांनी विचारलं, कोटाचं माप कोण घेणार? वाद्य घरात राहिलं. आत्यांनी सगळ्यांना शेंगाची चटणी आणि भाकरी वाढली, आणि मामा त्या दिवशी सगळ्यांसोबत बसून जेवले. मी मात्र नीट जेवले नाही.

सोमवारी सकाळी मी रियाजाला बसले होते. मामा सवयीनं आरशासमोर जाऊन बसले, हात खिशाकडं गेला, खिसा रिकामा. तसेच बसून राहिले. मला बघवेना. मी वाद्य उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, म्हटलं, "आदी तुमी."

मी नुकतीच फुंकून उठलेली, माऊथपीस ओला. धुवायला पाणी आणते म्हणून वळले, पण मामा थांबले नाहीत. त्यांनी तो तसाच, न पुसता, ओठाला लावला आणि छाती भरून फुंकले. डाव्या कोपऱ्यातून सगळा वारा निघून गेला. त्यांनी पुन्हा गाल धरला नाही. वाद्य माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "झालं माजं. आता तू."

रडता रडता फुंकता येत नाही. म्हणून मी आधी तिथंच, त्यांच्यासमोर, रडून घेतलं आणि मग वाजवलं.