खोडलेल्या चार ओळी

जे उत्तर स्वतःच्या पेपरात लिहायची तुमची छाती होणार नाही, ते तुम्ही मैत्रिणीला लिहायला लावाल का? मी लावलं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघी अर्थशास्त्राचा अभ्यास एकत्र करायचो. मी नाशिकरोडची. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. जयंतीची, मोर्चाची, संपाची पत्रकं वडील जपून ठेवत, आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. ती पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, शहरात मुलींच्या वसतिगृहात राहणारी. तिथला नियम साधा होता: नापास झालीस की कॉट रिकामी कर. दुसरीकडे खोली घेणं तिच्या घरच्यांना झेपणारं नव्हतं. तिचं शिक्षण त्या पेपरवर टांगलेलं होतं, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

परीक्षेआधी तिने सरावाचं एक उत्तर लिहून आणलं. प्रश्न नेहमीचा: किमान वेतनाचे रोजगारावर होणारे परिणाम आकृतीसह स्पष्ट करा. व्याख्या होती, गृहीतकं होती, पेन्सिलीने काढलेली मागणी-पुरवठ्याची आकृती होती. खाली चार ओळी तिच्या स्वतःच्या. सुट्टीत ती आईबरोबर टोळीतून निफाडला द्राक्षाच्या छाटणीला जायची. मजुरी वाढली त्या वर्षी मुकादमाने टोळीत बायका कमी घेतल्या आणि बाग मात्र तेवढीच उरकून घेतली, असं तिने लिहिलं होतं.

"हे मालकाचं बोलणं आहे," मी म्हणाले.

"मालकाचं कसं? माझीच काकू घरी बसली ना त्या वर्षी."

"मग शोषण लिही. या आकृतीत घाम दिसतो का कुठे?"

"घाम नाय दिसत," ती हसली. "पण मार्क तिलाच हायेत, बाई."

"मार्कांसाठी एवढी वाकणार तू?"

तिने कागद माझ्यापुढे सरकवला. मी लाल पेनने त्या चार ओळी खोडल्या, आकृतीवर फुली मारली आणि तिला दीड पान सांगितलं, एकेक वाक्य मूठ आवळून म्हणावं असं. तिने ते पाठ केलं. "तुझं पत्रक तोंडात लय भारी बसतं," म्हणाली.

पेपरात तोच प्रश्न आला.

मी पट्टी काढली. उभ्या अक्षावर मजुरी, आडव्यावर मजुरांची संख्या, समतोलाच्या वर किमान वेतनाची रेषा. त्या रेषेवर पुरवठा जास्त, मागणी कमी; मधली तफावत म्हणजे बेरोजगारी. मग लिहिलं की मजूर लावणारा मालक त्या भागात एकटाच असेल, तर हा निष्कर्ष टिकेलच असं नाही. माझ्या बाजूचा सगळ्यात पक्का मुद्दा तोच होता, आणि तो आकृतीतूनच निघत होता. तिला मी तो कधी सांगितला नव्हता. उदाहरण हवं होतं म्हणून निफाडच्या टोळीचं दिलं. तिच्याच शब्दांत. पुढच्या दुसऱ्या बाकावर ती मान खाली घालून भराभर लिहीत होती. तिने पट्टीला हात लावला नाही, हे मी पाहिलं.

मी पहिल्या वर्गात आले. ती त्याच विषयात नापास झाली.

तिने उत्तरपत्रिकेची प्रत मागवली होती. मी वसतिगृहात गेले तेव्हा ती पत्र्याची पेटी भरत होती. प्रत तिने माझ्यापुढे धरली. माझ्या दीड पानाशेजारी समासात तपासणाऱ्याने एकच शब्द लिहिला होता: 'कारण?'

"तू आकृती काढलीस?" तिने विचारलं.

"काढली."

"आणि द्राक्षाचं?"

मी प्रत घडी घालून तिला परत दिली.

"लिहिलंस ना?"

"लिहिलं."

तिने पेटीची कडी लावली. "बरं झालं. काकूला तेवढेच मार्क पडले."

मी पेटीची एक बाजू धरून बसपर्यंत गेले. वाटेत माफी मागायची म्हणून तीनदा तोंड उघडलं आणि तीनही वेळा मला फक्त भाषण सुचलं. आता ती छाटणीला जाते आणि घरून पुन्हा परीक्षेला बसते आहे. मी तिला माझ्या उत्तराची प्रत पाठवली. चार महिने उशिरा.

तुमच्या सांगण्यावरून कुणी पेपर लिहिणार असेल, तर त्या प्रश्नाचं तुम्ही स्वतः लिहाल तेच उत्तर तिच्या हातात द्या. वेगळं सांगून बसला असाल, तर निकालाची वाट पाहू नका. आजच तिला फोन करा.