पाळणीतलं रक्त

अक्काचा पाय गुडघ्याखाली कापला, तेव्हापासून माझं देवीशी बोलणं बंद होतं. देवीशी कोणी अबोला धरतं का, असं बायको म्हणायची. मी धरला होता. जी बाई दर चैत्रात अनवाणी डोंगर चढून देवीला नारळ वाहत आली, तिचाच पाय देवीनं का न्यावा, एवढंच मला विचारायचं होतं.

अक्का माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, तिनंच मला वाढवलं. आम्ही पारोळ्याकडच्या एका गावातल्या भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, राहतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं, चैत्राच्या तोंडावर परत यायचं आणि लगेच देवीची पाळणी धरायची, हा आमचा क्रम. पाळणीत जमिनीवर झोपायचं, पायात चप्पल घालायची नाही आणि अंगातलं रक्त सांडू द्यायचं नाही. आमच्या घरातले पुरुष त्या दिवसांत दाढीसुद्धा करत नाहीत. भिलाटी भरलेली असते तीही तेव्हाच, म्हणून उपकेंद्रातली सिस्टर साखर तपासायला नेमकी त्याच दिवसांत यायची. अक्का तिला प्रेमानं चहा पाजायची, पण बोट काही पुढे करायची नाही. "ऊस तोडनारले कसानी साखर? साखर व्हस ती कारखानावालासले!" म्हणून ती हसायची आणि आम्ही सगळे हसायचो. सिस्टर बिचारी पुढच्या दारी जायची. मग एका यात्रेत अक्काच्या टाचेत खडा रुतला. तिला तो कळलाही नाही. जखम चिघळत गेली, आणि धुळ्याच्या दवाखान्यात समजलं की साखर कित्येक वर्षं अंगात मुरलेली होती.

यंदा अक्कानं बाजेवरूनच हुकूम सोडला, "मन्हा नारळ तू लई जाय." तिच्यापुढे माझं काय चालणार? पाळणी धरली आणि निघालो. मनात भक्ती नव्हती, फुगवलेलं तोंड तेवढं होतं.

डोंगराच्या पायथ्याशी सरकारी तंबू होता, आत एक नर्स यात्रेकरूंची साखर तपासत होती. मी लांबून वळसा घातला आणि तिथंच बाभळीचा काटा पायात खोल गेला. खाली बसलो. शेजारी एक अनोळखी म्हातारी दम खात बसली होती. तिनं न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, दुसऱ्या काट्यानं तो काटा उकरून काढला. भळकन रक्त आलं. "माय, मन्ही पाळणी मोडनी," मी कळवळून म्हणालो.

म्हातारी मोकळं हसली. "देवी रागे भरनी का रे भाऊ? काटानी रगत काढं ते तिले चालनं. मंग त्या बाईनी सुई तिले का बरं चालाव नही?" असं म्हणून तिनं तंबूकडे बोट दाखवलं.

मी उठलो, तंबूत गेलो, बोट पुढे केलं. नर्स म्हणाली, "काका, आजार अजून घरात आलेला नाही, पण उंबऱ्यावर उभा आहे. इथूनच परत पाठवता येईल." काय खायचं, किती चालायचं, पुन्हा कधी तपासायचं, ते तिनं नीट समजावलं. बाहेर आलो तर म्हातारी नव्हती. गर्दी होती, गेली असेल वर. तिला मी खूप शोधलं. मग वर चढून देवीच्या ठाण्यापुढे नारळ ठेवला आणि एकदाचा बोललो, "ही म्हातारी तू अक्काकडे का नाही गं पाठवलीस?" मग तिथंच बसून रडलो.

घरी येऊन सगळं अक्काला सांगितलं. तिनं आपल्या कापलेल्या पायावरून हात फिरवला.

"माय मन्हा दारवर बी उनी व्हती रे भाऊ," ती म्हणाली. "दर साल उनी. हातमा सुई लिसन उनी. मीच तिले वयखं नही."

ओळखलं तर मीही नव्हतं; सिस्टर दारात यायची तेव्हा मीही हसायचोच. चहातली साखर सुटली, ताटातला भात कमी होऊन ज्वारीची भाकरी आली, रोज नाल्यापर्यंत चालून येतो. देवीनं मला राखलं, याबद्दल तिचे पाय धरतो. पण अक्काची चप्पल अजून कोपऱ्यात आहे, जोडीनं. देवीकडे आता मी काही मागत नाही, जाबही विचारत नाही. दारात कोणी आलं, की आधी उठून उभा राहतो.