माझ्या जबड्याचा जुना एक्स-रे

"डाव्या जबड्याच्या हाडात गाठ आहे," पुण्याच्या सर्जननी सांगितलं. "बायोप्सी करू, म्हणजे तुकडा काढून तपासू. पण आधीचा ओपीजी असेल तर आणा."

ओपीजी म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. गाठ हळूहळू वाढली असेल तर खरवडून काढता येईल, भराभर वाढली असेल तर कदाचित डावीकडचा जबडाच काढावा लागेल, असं ते म्हणाले.

मी येडगावची अंगणवाडी सेविका. दिवसभर पोरांकडून गाणी म्हणून घ्यायची नि पोरांना वजनाला न आणणाऱ्या आयांवर खेकसायचं, ही माझी नोकरी. निम्म्या जबड्यानं ती कशी करायची? 

दोन वर्षांपूर्वी अक्कलदाढ काढताना ओपीजी काढला होता. पण तो मीच दातांच्या डॉक्टरांकडे ठेवून आले होते. आमच्या घरात एक्स-रे टिकत नाही. दिरांच्या पायाचा होता, तो पोरांनी ग्रहण बघायला कापून वाटून घेतला. म्हणून म्हटलं, राहू द्या तुमच्याकडंच. मोठा शहाणपणा केला.

दातांच्या दवाखान्यात गेले, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "जुनं रेकॉर्ड देत नाय आमी." डॉक्टर म्हणाले, "फाईल दवाखान्याची असते, ताई. नवा काढा."

तीन फेऱ्या झाल्या. मिस्टर म्हणाले, "जाऊ दे गं. उद्या माझी दाढ दुखली तर जायचं कुठं?"

"तुमची दाढ ऱ्हाऊ द्या. हितं माझा जबडा चाललाय."

मी सर्जनना फोन केला. ते म्हणाले, "फाईल त्यांची असली तरी प्रत मिळणं तुमचा हक्क आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या."

अर्ज दिला आणि पोचेवर शिक्का पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही. बायोप्सीही होऊन गेली होती, रिपोर्ट यायचा होता. त्या दिवसांत पोरांची वजनं घेताना मला काटा धड वाचता येईना. लई भ्याले होते मी.

तिसऱ्या दिवशी पाकीट मिळालं. एक्स-रे आणि केसपेपरची झेरॉक्स. केसपेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, डावीकडे सावली दिसते, सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. एसटीत बसून मी रागानं रडले.

सर्जननी जुना आणि नवा, दोन्ही एक्स-रे शेजारी लावले.  मग म्हणाले, "फारशी वाढलेली नाही." रिपोर्टही साधा आला, कॅन्सर नव्हता. गाठ खरवडून काढली, जबडा जागेवर आहे. त्या सर्जनचे उपकार मी विसरणार नाही.

बायांनो, कागद मागणं म्हणजे भांडण नव्हे. मागून घ्या, आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

गेल्या महिन्यात मिस्टरांची दाढ दुखलीच. त्याच डॉक्टरांकडे गेलो. मला बघून त्यांनी न मागता केसपेपरची झेरॉक्स पुढं केली. मिस्टर उठायला लागले. मी त्यांना खाली बसवलं, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि मगच उठले.