दोऱ्याची बिजागरी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी एका ब्लाउजला हूक लावत होते. "पुष्पा, ये वं लवकर. हे उठूनच नाही राहिले," एवढंच ती बोलली. सुई कापडात तशीच टोचून ठेवली आणि ऑटोने निघाले... पण अर्ध्या रस्त्यातच मला कळून चुकलं होतं. दादाला जाऊन आता पाच आठवडे झाले. लोक भेटायला येतात आणि फार शांत माणूस होता म्हणतात. शांत? माझा मोठा भाऊ मधुकर एक नंबरचा हट्टी होता, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगत असे. लोकांना त्याच्या स्वभावाबद्दल बोलायचं असतं, मला बिजागऱ्यांबद्दल. हसू नका. गेली दोन वर्षं आम्ही बहीणभाऊ दुसऱ्या कशाबद्दल धड बोललोच नाही, आणि इतकी मजा मला त्याआधी कित्येक वर्षांत आली नव्हती.

दादाने तीस वर्षं नागपूरजवळच्या वाडीच्या एका कारखान्यात ट्रकच्या बॉड्या बांधल्या. ट्रकचा मागचा फाळका ज्या बिजागऱ्यांवर पडतो, त्यातली एक उचलायलासुद्धा दोन हात लागतात. असा माणूस रिटायर झाला आणि रिमोटवर उडणारी विमानं बनवायला लागला, पातळ फोमची, ओंजळीत पाखरू धरावं इतकी हलकी. उमरेड रोडवरच्या, प्लॉट पाडून ठेवलेल्या एका रिकाम्या ले-आऊटमध्ये सकाळी वारा उठायच्या आत तो ती उडवायचा. रिमोट कोणाच्याही हाती देत नसे. मग दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत त्याला लकवा मारला. पाय सुधारला, जीभ सुधारली, पण उजव्या हाताची बोटं सांगितलेलं उशिरा ऐकायला लागली. शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायची. बरं वाटल्यावर पहिल्यांदा मैदानावर गेला, तर विमान वळवायच्या आतच ते बाभळीत घुसलं. "आता दुसऱ्या कोणाले उडवू दे, तू पाहत बस," असं मी बोलून गेले. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

चौथ्या दिवशी वहिनीला घेऊन माझ्या शिवणाच्या दुकानात आला. समोरच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "विमान बरोबर आहे. मीच लेट होऊन राहिलो. मले हळू उडणारं विमान पाहिजे." मी म्हटलं, मग बनव. तेव्हा त्याने मला जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. विमानाच्या पंखांना आणि शेपटीला मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असतात. शेपटीची पट्टी वर केली की नाक वर, खाली केली की खाली. ती पट्टी बिजागरीवर हलते. दादा तिला कारखान्यातल्यासारखं कब्जाच म्हणायचा. "कब्जा ताठ असला त पट्टी हलवाले मोटर मोठी लागते. मोटर मोठी त बॅटरी मोठी. बॅटरी मोठी त विमान जड, अन् जड विमान हळू उडत नाही, पडते. समजलं? माह्या बोटाचा सगळा खेळ कब्ज्यावर आहे." मी मापाची टेप गळ्यात घालून ऐकत होते. आयुष्यभर हूक, काज आणि चेन लावणाऱ्या बाईला हे समजायला किती वेळ लागतो? मला तर तिथल्या तिथे हुरूप आला.

आणि मग आम्ही जे काही करून पाहिलं! विमानाच्या सामानाच्या दुकानात मिळते ती खिळीची बिजागरी, अगदी दाराला असते तशीच, पण नखाएवढी. चार लावल्या तर शेपटी जड होऊन विमानाचं नाक वर. कापडासारखी एक पातळ पट्टी मिळते, ती शेपटी आणि हलती पट्टी या दोन्ही तुकड्यांत चीर पाडून आत सरकवायची आणि वर इन्स्टंट ग्लूचा थेंब सोडायचा. मी तो थेंब सोडला आणि आमच्या डोळ्यांदेखत फोम विरघळून भोक पडलं. त्या ग्लूचं आणि फोमचं जमत नाही हे दादाला माहीत होतं, सांगायचं मात्र राहून गेलं होतं. कॉम्प्युटरच्या जुन्या फ्लॉपीच्या आतली चकती कापून तिच्याही पट्ट्या लावल्या. वजन काहीच नाही, पण ताठ. दादा शेपटीच्या हलत्या पट्टीवर फुंकर मारून पाहायचा. फुंकरीने हलली तर पास. फ्लॉपी नापास झाली.

शेवटी साधी पारदर्शक टेप. हलकी, फट नाही, फुंकरीला हलते. आम्ही खूश. पण मे महिना होता, आणि मेमध्ये नागपुरात कूलर बंद ठेवून काम करणारा माणूस अजून जन्मायचा आहे. दादाच्या घरी कूलरच्या थंडगार वाऱ्यात बसून आम्ही दोघांनी अगदी मन लावून टेप चिकटवली. दुसऱ्या दिवशी मैदानावर ऊन लागलं तशी ती सालासारखी सुटून आली आणि शेपटीची पट्टी लोंबायला लागली. फोमवर कूलरचा ओलावा धरला होता हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मग पुढच्या रविवारी कूलर बंद करून बसलो. टेप चिकटण्याआधी दादाच्या कपाळावरचा घाम तिच्यावर टपकला. वहिनी दारातून म्हणाली, "दोघेही येडे झाले गा तुम्ही," आणि पन्हं ठेवून गेली.

त्या दिवशी मी चिडून म्हणाले, "शिवून टाक ना मग."

"विमान म्हणजे का ब्लाउज आहे वं?"

"ब्लाउज नाही शिवला तुनं कधी, म्हणून असं बोलतं."

मी दोरा ओवला. एक टाका वरून येतो, दोन तुकड्यांच्या मधल्या फटीतून उतरतो आणि पलीकडच्या तुकड्याला खालून धरतो. पुढचा नेमका उलट. आठचा आकडा लिहीत गेल्यासारखं. सुईने फोम फाटू नये म्हणून आधी कडेला कागदाची बारीक पट्टी लावली, हुकांखाली हूकपट्टी लावतो तशी. दादा एकदम पुढे सरकून पाहायला लागला. पण मी माझ्या सवयीने टाके ओढून घट्ट घातले, पट्टी ताठ झाली, आणि फुंकरीला हलेना. सगळं उसवलं. दुसऱ्या खेपेला फटीत एक जुनं व्हिजिटिंग कार्ड धरून शिवलं आणि शेवटी ते ओढून काढलं. दादाने विमान तोंडासमोर धरलं. फुंकर मारायची गरजच पडली नाही, त्याच्या नुसत्या श्वासाने पट्टी हलली... आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. खरं सांगते, माझ्या हातून लग्नाच्या शालूंवरचे ब्लाउज शिवून गेलेत, पण असा आनंद मला कधी झाला नव्हता.

पावसाळा संपल्यावर एका सकाळी आम्ही तिघं ले-आऊटवर गेलो. वारा बिलकूल नव्हता. मी विमान हाताने सोडलं आणि ते नुकत्याच सायकल शिकणाऱ्यासारखं, जराशा डुलत्या चालीने पुढे गेलं. बाभळीकडे निघालं तशी वहिनीने माझा दंड धरला. दादाचा अंगठा हलला, उशिराच हलला, पण विमान अजून तिथे पोहोचलंच नव्हतं. ते वळलं. पुन्हा वळलं, आमच्या डोक्यावरून गेलं, आणि चौथ्या फेरीनंतर गवतात अलगद बसलं. दादाचे डोळे भरून आले होते. "पाहिलं काय वं? मले टाइम देऊन राहिलं ते," तो म्हणाला. त्यानंतर वर्षभर, पावसाचे दिवस सोडून, त्याने एकही रविवार चुकवला नाही.

तेरवीनंतर वहिनीने ते विमान माझ्या हाती दिलं. "तूच ने. शोकेसमध्ये ठेवून का करू मी?" गेल्या आठवड्यात मी ते मशीनवरच्या दिव्याखाली धरलं. टाके कुठे झिजलेत ते बघायचं होतं, कारण आता ते मीच उडवणार आहे. पांढऱ्या दोऱ्याच्या माझ्या टाक्यांमध्ये एक निळा टाका दिसला. वाकडा, आणि त्याच्या शेवटी एकावर एक तीन गाठी. असा टाका मी घालत नाही. वहिनीला फोन लावला.

"तो एक तुटला होता वं," ती म्हणाली. "तीन दिवस हे सुई घेऊन बसले होते. मी करू म्हटलं त रागावले. पुष्पाले सांगू नको म्हणे, थे चुका काढते."

मी चष्मा पुसला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एखादीने असा टाका घातला असता, तर तो मी तिच्यासमोर उसवला असता. पट्टी वर केली, खाली केली. आरशासमोर धरून पाहिली, कानाशी धरून ऐकली. ती कुठेच अडत नव्हती. मी पुष्कळ वेळ त्या टाक्यात चूक शोधत बसले, दादा... सापडली नाही.