चित्रावरचे खडूचे गोल

चित्र कसं सुचतं, असं कुणी विचारलं की मी गंभीर चेहरा करून काहीतरी ठोकून देते. खरं म्हणजे मला चित्र दुपारच्या डुलकीत सुचतं. डिंडोलीतल्या आमच्या गच्चीवर पत्र्याखाली मी पडलेली असते, पांडेसऱ्याकडून कापड रंगवणाऱ्या गिरण्यांचा ओलसर, आंबूस वास येत असतो, आणि मिटल्या डोळ्यांमागे एखादा रंग हळूहळू पसरत जातो. तो कशाचा, हे विचारायचं नाही. विचारलं की जातो.

या उन्हाळ्यात असाच एक पिवळा आला, हळदीच्या डब्याच्या तळाशी असतो तसा. आठवडाभर नुसता तरंगत राहिला. मग त्यात अर्धवट उघडं दार दिसू लागलं, दारात कुणीतरी पाठमोरं. मी गच्चीवरच कॅनव्हास ताणला आणि रंगवत सुटले. पण ते माणूस काही दारात उभं राहीना. मी रंगावर रंग चढवत गेले. माझ्या प्रदर्शनाला दहा दिवस उरले होते, आणि हे जमलं नाही तर आता आपल्याला काहीच जमायचं नाही, या भीतीनं मला घेरलं होतं.

एका संध्याकाळी वर आले, तर चित्रावर निळ्या खडूचे पाच गोल.

हे माझ्या वडिलांचं, नानांचं काम. गिरणीत त्यांनी जन्मभर कापडाचे तागे तपासले. दोष सापडला की खडूनं गोल करायचा. निवृत्त झाले तरी खडू खिशात असतोच. लग्नात आहेराची साडीसुद्धा ते उलगडून उजेडात धरायचे, आणि देणारे ओशाळायचे.

"नाना, तुमले काही समजस का? हाई कापड नही शे!" कठड्याशी उभ्या नानांवर मी ओरडले.

ते भिंतीला हात लावत जिना उतरून गेले.

ओलं फडकं घेऊन मी गोल पुसायला बसले आणि थबकले. पाचही गोल नेमके तिथेच होते, जिथे मी रंग थापून आपली चूक झाकली होती. मी सुरी घेतली आणि तेवढाच रंग खरवडून काढला. खालचा पहिला, पातळ पिवळा वर आला, आणि दारातलं माणूस आपसूक उभं राहिलं. मी कितीतरी वेळ तशीच पाहत बसले. फार आनंद झाला, आणि तितकीच लाजही वाटली.

सकाळी नानांना हाताला धरून वर आणलं. "आते काढा चूक," म्हटलं.

ते चित्राच्या थोडं बाजूला बघत उभे राहिले. मग हात पुढे करून चाचपडले.

"माले आते दिखत नही, बेटा," ते म्हणाले. "काल बी हात फिराईसनच दखं व्हतं. जठे जाड लागनं, तठे गोल कया."

"कवयपासून?"

"दोन वरीस."

दोन वर्षं मी रोज त्यांना ताट वाढत होते.