दुसरा रिमोट

व्हिडिओ गेम माझा होता, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात पुढे ही गोष्ट सगळे सोयीनं विसरले. चौथीच्या स्कॉलरशिपला नंबर लागला म्हणून मामानं तो नागपूरहून आणला होता. तरी पहिला रिमोट दादाकडे असायचा. तो मोठा होता, आणि मला त्यात काही गैर वाटत नसे. दुसऱ्या रिमोटची वायर उंदरानं कुरतडली, तेव्हा मी तिला शाळेची लाल रिबीन घट्ट गुंडाळली. तो रिमोट माझा.

आम्ही रणगाड्यांचा खेळ खेळायचो. खाली विटांच्या आड आपलं ठाणं. ते फुटलं की खेळ खलास. दादा दर वेळी म्हणायचा, "तू मागं राह्य, मी पुढं जातो." तो वर जाऊन शत्रूचे रणगाडे टिपत फिरायचा आणि मी ठाण्यापुढे पहारा द्यायची. बढाई वाटेल, पण माझ्या हातून ठाणं क्वचितच पडलं. मागं माझी बहीण असली की मी बिनघोर, असं दादा मित्रांना सांगायचा. ते कानावर आलं की माझे पाय जमिनीवर नसायचे.

अडचण टीव्हीची होती. ती कापसाला भाव नसलेली वर्षं. बाबा कलेक्टर कचेरीत. दिवसभर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या फायली, आणि घरी आल्यावर बातम्यांत पुन्हा आमचाच जिल्हा. चहा हातात धरून ते बघत बसत, आणि तेव्हा टीव्ही मागायची कोणाची छाती नव्हती. दुपारी टीव्ही मोकळा, तर लाइन नसायची. भारनियमनात जिंकत आणलेला खेळ पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून दादानं कॉम्प्युटरचं टुमणं लावलं. बाबा तयार झाले, मग तो माझ्याकडे आला. "त्याले यूपीएस असते. लाइन गेली तरी गेम सेव्ह करता येते. पण दुकानवाला एक्सचेंजमधी तुहा व्हिडिओ गेम मागून राह्यला. देशीन काय? मंग आपण दोघंई त्याच्यावरच खेळू."

दिला. रिबिनीसकट दिला.

कॉम्प्युटर आला आणि मी अडाणी ठरले. रिमोटवर दोन अंगठ्यांत भागायचं. इथे डावा हात अक्षरांवर, उजवा माउसवर, आणि दोघांचं आपसात पटेना. बंदुकीच्या खेळात माझा माणूस एक तर आभाळाकडे बघत असायचा, नाहीतर भिंतीला नाक घासत उभा. पळायचं बटन शोधायला मान खाली घातली की वर बघेपर्यंत मेलेला. मी खुर्चीतच डावीउजवीकडे झुकायची आणि दादा हसायचा. आपण दोघं कधी खेळायचं, असं विचारलं तर म्हणाला, "कॉम्प्युटरवर एकट्याचंच असते वं. तू शिक हळूहळू." आणि सायकल काढून क्लासला जायचा. मला वाटलं, माझ्यासारख्या नवशिकीसोबत बसायचा त्याला कंटाळा येत असेल. म्हणून लाइन असेल तेव्हा मी एकटीच शिकत राहिले, त्याच्या बरोबरीची व्हायला. हे आठवलं की अजून संताप होतो.

संक्रांतीनंतर आईसोबत दादाच्या मित्राकडे हळदीकुंकवाला गेले. त्याच्या वडलांची लोहाऱ्याला सरकी काढायची जिनिंग होती. त्या हंगामात ती सुरूच झाली नव्हती. बायका पुढच्या खोलीत वाण घेत होत्या, मी पाणी प्यायला आत गेले. मागच्या खोलीतून खेळ सुरू होतानाची ती धून ऐकू आली. दाराशी गेले. माझा व्हिडिओ गेम जमिनीवर होता. पहिला रिमोट दादाच्या हातात, दुसरा मित्राच्या, आणि त्याच्या वायरीला माझी लाल रिबीन. दोघांची पाठ माझ्याकडे होती.

"तू मागं राह्य, मी पुढं जातो," दादा म्हणाला.

गेम दुसऱ्याच्या घरी दिसला, याचं तेवढं लागलं नाही. ते वाक्य लागलं. ते माझं आहे असं मी धरून चालले होते. पाणी न पिताच मी आईजवळ जाऊन बसले.

दादा घरी आल्यावर त्याला सरळ विचारलं, "दुकानवाल्याले देल्ला होता ना?"

"त्याईची जिनिंग बंद आहे. तो घरातच बसून राह्यते, कोणाशी बोलत नाही. म्हून देल्ला. तुले मागतला असता, तर तू देल्ला असता काय?"

नसता दिला. हे त्याला माहीत होतं, मलाही. पण मग क्लासचं नाव कशाला सांगायचं? मलाही न्यायचं होतं सोबत. मी बाजूला बसून नुसतं पाहिलं असतं.

काही दिवसांनी तो एक सीडी घेऊन आला. तोच रणगाड्यांचा खेळ, एकाच कीबोर्डवर दोघांचा. म्हणजे कॉम्प्युटरवर एकट्याचंच असतं, हेही खोटंच होतं. स्टूल ओढून तो माझ्या शेजारी बसला. बाणांची बटनं त्यानं घेतली, अक्षरं मला दिली. धून वाजली.

"तू मागं राह्य," तो म्हणाला.

मी रणगाडा वळवला आणि सरळ वर नेला, त्याच्याही पुढे. एव्हाना माझी बोटं शिकली होती. खाली विटा फुटायला लागल्या.

"अवं, मागं कोण पाह्यते?"

"तुह्या दोस्ताले बोलाव," मी म्हणाले, आणि ठाणं फुटेपर्यंत मागे वळले नाही.